ताई फिरायला गेली आहे

माझी मोठी बहीण प्रेमिला हिने १९७८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टेलिफोन खात्यातली पक्की नोकरी सोडली. ती आजारी नव्हती, साहेबाशी भांडण नव्हतं, लग्नही ठरलं नव्हतं. जग पाहायचं म्हणून सोडली. तेव्हापासून दहा वर्षं मी लोकांना एकच उत्तर देत आलो आहे, की ताई फिरायला गेली आहे. हे उत्तर ऐकून समाधान झालेला एकही माणूस मला आमच्या इंदोरा वस्तीत भेटलेला नाही. माझंही झालेलं नाही.

बाबा मिलमध्ये होते. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ताई एकवीस वर्षांची होती आणि वस्तीत मॅट्रिक झालेल्या चार मुलींपैकी एक होती. दुसऱ्याच वर्षी तिला ट्रंक बोर्डावर नोकरी लागली. कानाला हेडफोन लावून बसायचं, एका गावाची दोरी दुसऱ्या गावाच्या भोकात खुपसायची, तीन मिनिटं झाली की मधे बोलून सांगायचं. बाबा लवकर गेले. माझी बीएस्सी, माझं बीएड, माझं लग्न, घराची वरची खोली, हे सगळं त्या तीन-तीन मिनिटांतून उभं राहिलं. तिच्या लग्नाच्या दोन गोष्टी आल्या होत्या, दोन्ही तिने परत पाठवल्या. तिसरी आणायचं मग कोणी मनावर घेतलं नाही. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर वीस वर्षं नोकरी झालेल्यांना आपणहून निवृत्त होता येईल, असा नियम तेव्हा नुकताच निघाला होता. एका रविवारी जेवताना ताईने वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “मी नोकरी सोडून राहिली. तीन महिन्याची नोटीस देल्ली.”

आईने पहिलं विचारलं ते, “डॉक्टरले दाखोलं का?” ताईने सांगितलं, तब्येत ठीक आहे. पेन्शन येईल, पोस्टातली सर्टिफिकिटं आहेत, युनिटं आहेत, बँकेतल्या ठेवीचं व्याज आहे; एकट्या बाईला काटकसरीने फिरायला पुरेल. तिने सत्तावीस देशांची नावं एका वहीत लिहून ठेवली होती आणि ती सगळी तिला पाठ होती. मी गणिताचा मास्तर. मी तिची आकडेमोड तपासायला मागितली, तर ती म्हणाली की ती तिने आधीच दोनदा तपासली आहे. माझी बायको कांता भाकरी वाढत राहिली.

काहून, असं आईने त्या आठवड्यात शंभर वेळा विचारलं असेल. ताईने एकदाच नीट उत्तर दिलं. चौसष्ट साली मुंबईमार्फत तिने लंडनचा एक कॉल जोडला होता. इथे दुपारचे चार वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि पलीकडची बाई म्हणाली, गुड मॉर्निंग. “तिथं सकाळ होती,” ताई म्हणाली. “मले मालूम होतं का तिथं सकाळ असते. पण थे बाई खरोखरच सकाळी बसून होती.” आईला यातलं काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. एवढ्यावरून कोणी पक्की नोकरी सोडतं का?

ऑफिसातल्या सुपरवायझर बाईंनी तिला दोनदा बोलावून समजावलं. वस्तीने मात्र समजावण्याचा त्रास घेतला नाही, स्वतःच अर्थ लावून टाकला. कोणी म्हणे तिने कलकत्त्याच्या माणसाशी गुपचूप लग्न केलं आहे. कोणी म्हणे ती भिक्खुणी होणार. विहार समितीचे अध्यक्ष महादेवराव यांनी दुसरा अर्थ पक्का धरला आणि सत्कार ठेवला. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. महादेवरावांनी भाषणात सांगितलं की आपल्या वस्तीची लेक बुद्धाच्या पायधुळीने पावन झालेल्या देशांची यात्रा करणार असून लंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं पान आपल्यासाठी आणणार आहे. ताई उठून उभी राहिली. “मी यात्रेले जाऊन राहिली नाही,” ती म्हणाली. “मले फिराचं हाय.”

महादेवराव माईकजवळ आले आणि म्हणाले, प्रेमिलाबाई विनयाने असं म्हणतात. टाळ्या झाल्या. खाली उतरेपर्यंत अकरा जणांनी तिला पानं आणायला सांगितली. घरी येताना रिक्षात ती शालीची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

एप्रिलमध्ये नोकरी सुटली. पासपोर्टचा अर्ज त्याआधीच गेला होता. अर्जाच्या कामात तिला प्रत्येक खिडकीवर विचारलं गेलं, सोबत कोण? ती म्हणे, कोणी नाही. मग कोणाकडे चालल्या? कोणाकडे नाही. मग कशाला? एका कारकुनाने सरळ मला बाजूला घेऊन विचारलं की बाईंचं डोकं ठीक आहे ना. मी म्हणालो, ठीक आहे. हे म्हणताना माझा आवाज पुरेसा ठाम नव्हता, असं ताईचं आजही म्हणणं आहे.

वाट पाहून ती कंटाळली. नेपाळला पासपोर्ट लागत नाही आणि आपले रुपये तिथे चालतात, म्हणून मे महिन्यात एक ट्रंक आणि एक होल्डॉल घेऊन ती रक्सौलच्या बाजूने निघून गेली. आणि ती गेल्यावर तीन आठवड्यांनी चौकशीचा पोलीस शिपाई आमच्या दारात आला.

“अर्जदार कुठे आहे?” त्याने विचारलं.

मी सांगितलं, नेपाळात.

“पासपोर्ट नसताना?”

“तिथे लागत नाही.”

“मंग पासपोर्ट पाह्यजे कायले?”

मी त्याला बाकीच्या सव्वीस देशांबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याने चहा घेतला, ऐकून घेतलं, आणि कागदावर लिहिलं की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही. फाईल परत गेली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्यासाठी मी शाळेतून किती अर्ध्या रजा घेतल्या ते मी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, “तू त्याले घरी हाय म्हणाचं होतं.” गणिताच्या मास्तराने पोलिसाशी खोटं बोलायचं! आणि उद्या त्याने बोलवा म्हटलं असतं तर कांताला उभं केलं असतं का?

नेपाळातून तिची पत्रं येत. पत्रं कसली, पोस्टकार्डं. “पोचली. थंडी आहे. डाळ बरी मिळते.” दुसऱ्यात, “पोखऱ्याला आली. तळं मोठं आहे.” आई ते माझ्याकडून वाचून घेई, उलटून पाही, आणि मागच्या बाजूला आणखी काही आहे का ते परत पाहायला लावी. मी तिच्यावर चिडे, ती ताईवर चिडे. वीस वर्षं दुसऱ्यांना बोला बोला म्हणणाऱ्या बाईला स्वतःचं तीन ओळींच्या वर बोलता येत नव्हतं.

एकोणऐंशीच्या शेवटी पासपोर्ट आला, आणि मग कळलं की खरी अडचण पुढेच आहे. सदरमधल्या बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर चंपतराव नावाचे एक गृहस्थ बसत. त्यांनी शांतपणे सांगितलं की तिकीट रुपयांत काढता येईल, पण बाहेर खर्चायला काही वर्षांतून एकदाच पाचशे डॉलर मिळतील. त्या दिवशी मी ताईबरोबर होतो. तिने विचारलं, माझे पैसे आहेत, मी मिळवलेले, त्यांचं व्याज दर महिन्याला येतं, ते मला तिथे मागवता येणार नाही? चंपतराव म्हणाले, “बाई, पैसा तुमचाच हाय. पण थो इथंच राह्यते.”

ताई बाहेर येऊन झाडाखाली उभी राहिली. वहीत सत्तावीस देश होते, प्रत्येकात किती महिने ते लिहिलं होतं, आणि हा साधा नियम तिने कोणाला विचारला नव्हता. मला त्या क्षणी तिची कीव यायला हवी होती. मला राग आला. दोनदा तपासलं होतं म्हणे! मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “चाल, घरी चाल,” आणि पूर्ण रस्ताभर माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

पण ती घरी बसली नाही. ऐंशीच्या जानेवारीत ती रामेश्वरमहून बोटीने लंकेला गेली. तिथे ते पाचशे डॉलर न मागता, सोबत नेऊ दिलेल्या अगदी थोड्या पैशांत, धर्मशाळांत आणि ओळखीच्या ओळखीने ती राहत होती. फेब्रुवारीत आई अंगणात घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात आईला ठेवलं. कांता दिवसभर तिथे, मी शाळा सुटल्यावर तिथे, माझ्या दोन्ही मुली शेजाऱ्यांकडे. शेवटच्या कार्डावरच्या पत्त्यावर मी तार केली. ताईने ते गाव आठ दिवसांपूर्वीच सोडलं होतं. तार तिच्या मागे फिरत राहिली आणि ताई बाराव्या दिवशी घरी पोचली, तेव्हा आईला आम्ही प्लास्टरसकट घरी आणून झालं होतं. ताईने ट्रंक दारात ठेवली, आईच्या पायाशी बसली, प्लास्टरवर हात ठेवला. चेहरा उन्हाने काळा पडला होता. मला वाटलं होतं रडेल. तिने विचारलं, “रात्री कुशी कोन बदलून देते?”

मग मी बोललो. दोन वर्षं साठवलेलं होतं, ते सगळं बोललो. घरात म्हातारी आई आहे, कांता एकटी किती करणार, वस्तीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, आणि या बाईला पोस्टकार्डावर डाळ बरी मिळते एवढंच कळवायचं सुचतं. वय काय, चाललंय काय.

ताईने सगळं ऐकून घेतलं. ट्रंक कॉल ऐकावा तसं, मधे न बोलता. मग म्हणाली, “वीस वर्षं मी इथंच होती, रविंद्र. तवा कोनी म्हणलं नाही का प्रेमिला घरी हाय, बरं वाटते. आता नाही हाय तं सर्वायले दिसून राहिलं.”

मी दारातली ट्रंक उचलून आत ठेवली. तिचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं, आणि त्याचाही मला त्रास होतो.

आई खाटेवरून ओरडली की दोघंही बाहेर जाऊन भांडा, माझं डोकं दुखते. ताई बाहेर गेली नाही. त्या दिवसापासून दहा महिने तिने आईचं सगळं केलं. भांडं देणं, अंग पुसणं, भिंतीला धरून परत चालायला शिकवणं. अतिशय चिडचिड करत केलं, पण एक दिवस चुकवला नाही. आई तिला पडल्या पडल्या विचारी, समुद्र कसा हाय, तिथल्या बाया काय काम करतात, भाजीत काय टाकतात. ताई सांगे, “मोठा हाय. बाया चाहाच्या मळ्यात काम करते. नारळ टाकते.” आई वैतागून भिंतीकडे तोंड करी. “जग पाहून आली अन् सांगता येत नाही,” ती मला म्हणे, जणू तो दोष माझा होता.

आई काठी घेऊन चालायला लागली आणि ताई परत निघाली. यावेळी ते पाचशे डॉलर घेऊन ब्रह्मदेश आणि थायलंड. ब्रह्मदेशात सातच दिवस राहू देत असत, याचा राग ती अजून काढते. थायलंडमध्ये तिने इतकी काटकसर केली की परत आली तेव्हा तिचं पोलकं अंगावर लोंबत होतं. महागाई वाढली होती, तिच्या वहीतलं व्याज तेवढंच होतं. म्हणून तिने आणखी एक उद्योग केला. वरची स्वतःची खोली नत्थूजी नावाच्या एका दुकानदाराला भाड्याने दिली, मला न विचारता. जरीपटक्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण त्यांच्या कापडाचे गठ्ठे जिन्यात आले आणि माझ्या मुलींची अभ्यासाची जागा गेली. आता ताई आली की आमच्या समोरच्या खोलीत झोपे, आणि पहाटे पाचला उठून रेडिओ लावी.

मग ज्याची मी कधी कल्पना केली नव्हती ते झालं. त्र्याऐंशी साली लंकेत दंगली सुरू झाल्या आणि ताईचा तिकडचा बेत फिसकटला. ती पुन्हा नेपाळला जायचं म्हणत होती. कांता तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच तिने विचारलं, “ताई, मी येऊ का?”

मला वाटलं ती थट्टा करते आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. कामठीचं माहेर आणि इंदोरा, यापलीकडे ती कुठे गेली नव्हती आणि जायचं आहे असं कधी बोलली नव्हती. मी विचारलं, घराचं काय? ती म्हणाली, महिनाभराचं तर आहे. आईचं काय? तर आई आतून म्हणाली, “जाऊ दे गा तिले.” मी दोघींकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने हात वर केले. आपण कांताला काही शिकवलं नाही, म्हणाली, आणि ते खरं असावं, कारण तिलाही ही सोबत फारशी पसंत नव्हती. तिला एकटीने फिरायचं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी महिनाभर स्वयंपाक केला. माझ्या पोळ्या पाहून आई म्हणाली, हे कोणत्या देशाचे नकाशे हायेत. मोठी मुलगी हसली म्हणून मी तिच्यावर ओरडलो, मग तिने कणीक मळायचं बंद केलं, मग तेही माझ्याकडे आलं. नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं हे मला त्या महिन्यात कळलं. पंधरा वर्षं ते भरलेलंच पाहत होतो.

कांता आली ती खोकला घेऊन आणि पायाला फोड घेऊन. ताईशी तिचं भक्तपूरमध्ये कडाक्याचं भांडण झालं होतं. दोन दिवस दोघी बोलत नव्हत्या. पण कांता सांगायला बसली की आई काठी टेकत येऊन तिच्यासमोर बसे. कांताला सगळं लक्षात होतं. बायका पाठीवरच्या टोपलीत काय नेतात, टोपलीचा पट्टा कपाळाला कसा लावतात, मुळ्याची पानं आंबवून वाळवतात ती कशी, एका म्हातारीने तिच्या पायाच्या फोडाला काय लावलं. आई प्रत्येक गोष्ट तीनदा विचारून घेई. हे दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं. मला ऐकायचं नव्हतं, पण घर लहान आहे.

त्यातच एकदा कांता म्हणाली की ताई अनुराधपूरला तीन दिवस बसली होती, त्या झाडासमोर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हे ताईने तिला नेपाळच्या बसमध्ये सांगितलं होतं. मी ताईला विचारलं, मग महादेवरावांसाठी एक पान आणायला काय झालं होतं? ती म्हणाली, “पडलेलं दिसलं नाही. तोडाले माझं मन नाही झालं.” एवढं त्याच वेळी सांगितलं असतं तर मला चार वर्षं त्या अकरा जणांची तोंडं चुकवावी लागली नसती.

आई शहाऐंशीच्या थंडीत गेली. ताई त्या वेळी घरीच होती. पोटाच्या दुखण्याने तिचा मलायाचा बेत पुढे ढकलला होता, म्हणून होती. नाही तर नसती. हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे. जलदानाचा विधी झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांत ती निघून गेली. अनेकांनी मला विचारलं की इतकी कसली घाई. मी सांगितलं, ताई फिरायला गेली आहे.

आज ती त्रेपन्न वर्षांची आहे. नऊ देश झाले. नऊ काही कमी नाहीत, असं मी एकदा चांगल्या मनाने म्हणालो, तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. युरोपचं तिकीट तिच्या आवाक्याबाहेर गेलं आहे आणि लंडन होईल असं तिला आता वाटत नाही. जपान होईल म्हणते. नत्थूजी खोली सोडायला तयार नाहीत; कायदा त्यांच्या बाजूने आहे. त्यामुळे ताईची ट्रंक आमच्या समोरच्या खोलीत असते आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिला अडखळतो. वस्तीतल्या बायका तिच्याकडे सल्ला विचारायला येतात. ती त्यांना सांगते की फार कटकट असते, पाय सुजतात, संडासाची सोय नसते, जाऊ नका. तरी गेल्या वर्षी दोघी-तिघी मिळून दार्जिलिंगला गेल्या आणि त्यांच्या नवऱ्यांनी मला रस्त्यात थांबवून जाब विचारला.

परवा शाळेतून आलो तर तिने पासपोर्टचा नवा अर्ज माझ्यासमोर ठेवला. जुन्याची मुदत संपत आली आहे. तिच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला तिला वेळ नाही. मी पेपर तपासायचे बाजूला ठेवले आणि अर्ज भरायला घेतला. एका रकान्यात, काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, ते लिहायचं होतं. मी न विचारता माझं नाव आणि पत्ता लिहिला.

ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. म्हणाली, “अक्षर सुधं काढ गा. फॉर्म वापस येते.”